हॉलमध्ये चारच शब्द आठवले

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मागच्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने स्मरणशक्ती तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. दुपारी साडेचारची वेळ, मंगल कार्यालयाचा हॉल, आम्ही साठेक जण. आधी एका वक्त्यांनी म्हातारपणी मेंदू कसा आक्रसतो, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश घराघरात कसा शिरतोय, हे पडद्यावर चित्रं लावून सांगितलं. मग कॉलेजच्या मुलामुलींनी माइकवरून १५ शब्द एकदा वाचले आणि "आठवतील तेवढे लिहा" म्हणाले. शेजारचे गृहस्थ भराभर लिहीत सुटले. मला चारच आठवले. माझी नात तिथे स्वयंसेवक होती, तिनेही गंमत म्हणून लिहिले, तिचे नऊ आले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे गुण नावासकट संघाच्या फलकावर! तेव्हापासून मला धड झोप नाही. मुलगा म्हणतो, ताबडतोब एमआरआय करून घेऊ. संघात दर गुरुवारी गोलात बसून खेळ घेतात, पाळीपाळीने प्रत्येकाने एक गाव, एक म्हण असं काहीतरी सांगायचं. तिथेही माझ्या आधीच्या बाईंनी काय सांगितलं ते विचाराल तर मला शून्य आठवतं. यजमान म्हणतात, जाऊच नकोस. नात म्हणते, "आजी, घोळक्यात परीक्षा घेतली की असंच होतं." आयुष्यभर मुलांकडून पाढे पाठ करून घेतले, आता माझंच हे असं. सुरुवात झाली का?
— नाव छापू नये, मिरज

उत्तर :

बाई, नातीचं म्हणणं पूर्ण नाही, पण बरंचसं खरं आहे. तुमच्या पत्रात मला आजाराची चाहूल फारशी दिसत नाही. चुकीच्या पद्धतीने घेतलेली परीक्षा मात्र अगदी ठळक दिसते. आधी त्या चार गुणांचंच बघू, कारण तुमची झोप त्यांनीच उडवली आहे.

१५ शब्दांची ही यादी शिबिरवाल्यांनी कुठून उचलली असेल याचा अंदाज येतो. आंद्रे रे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने अशी चाचणी तयार केली आणि ती आजही जगभर वापरतात. पण ती घेतात कशी? समोर एकच माणूस, शांत खोली. तपासणारा सेकंदाला एक या बेताने शब्द वाचतो आणि आठवतील ते तोंडी सांगायला लावतो. मग तीच यादी पुन्हा वाचतो, पुन्हा विचारतो. असं पाच वेळा. मध्ये दुसरी यादी घालून जरा गोंधळ उडवतो आणि वीस-तीस मिनिटांनी पहिली यादी परत विचारतो. आम्हा तपासणाऱ्यांचं लक्ष पहिल्या खेपेच्या आकड्यावर फारसं नसतंच. पाच खेपांत माणूस वर चढत जातो का आणि चढलेलं अर्ध्या तासानंतर किती टिकतं, हे आम्ही बघतो. पहिल्या वाचनात ठणठणीत तरुण माणूससुद्धा साधारण सात शब्दांच्या आसपास असतो आणि साठी-सत्तरीत पाच-सहा. तोही शांत खोलीत, एकट्याने. तुम्ही साठ जणांच्या हॉलमध्ये, माइकवरून एकदाच ऐकून चार आणलेत. एवढ्यावरून कोणताही जबाबदार माणूस काही निदान करणार नाही. नातीचे नऊ मात्र छान आहेत, तिला सांगा. तिच्या वयालाही नऊ म्हणजे चांगलेच.

आता त्या हॉलमध्ये काय काय झालं असेल ते सांगते. साठ माणसांना एकाच वेळी तपासलं की वेळ वाचतो, एवढाच त्याचा फायदा. पण तशा तपासणीत म्हातारी माणसं आणि तरुण माणसं सारखी अडखळत नाहीत, आणि इथेच सगळी गोम आहे.

आवाजापासून सुरुवात करते, कारण त्याकडे कुणी लक्ष देत नाही. मंगल कार्यालयाचा हॉल, घरघरणारे पंखे, खुर्च्या सरकवल्याचे आवाज आणि वर घुमणारा माइक. तुम्ही म्हणाल, शब्द मला ऐकू आले होते. आले असतील. पण पॅट्रिक रॅबिट नावाच्या इंग्लंडच्या संशोधकाने १९६८ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. गोंगाटात ऐकलेले आकडे लोक बरोबर उच्चारून दाखवतात, तरीही नंतर त्यांना ते कमी आठवतात. एवढंच काय, त्या आधी स्वच्छ ऐकलेले आकडेही निसटतात. ऐकण्यासाठी कान टवकारताना मेंदूची जी शक्ती खर्ची पडते, ती साठवण्याच्या वाट्याची असते. साठीनंतर वरच्या पट्टीतले आवाज, विशेषतः स, श, फ यांसारखे, बहुतेकांना थोडे पुसट होतात. त्यामुळे त्या हॉलमध्ये नातीला शब्द नुसते ऐकायचे होते आणि तुम्हाला ते आधी ओळखायचे आणि मग साठवायचे होते. वाचणारी मुलं भरभर वाचत असतील तर विचारायलाच नको.

मग वेळ. साडेचार. सिंथिया मे, लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तरुण विद्यार्थी आणि ज्येष्ठ अशा दोघांनाही सकाळी आणि दुपारी उशिरा तपासलं. ज्येष्ठांपैकी बहुतेक सकाळची माणसं निघाली, विद्यार्थ्यांत तसे क्वचितच. आधी वाचलेली वाक्यं ओळखण्याच्या त्या चाचणीत सकाळी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, दुपारी ज्येष्ठ बरेच मागे पडले. म्हणजे शिबिराची वेळ ठरवतानाच कुणीतरी नातीच्या बाजूने कौल दिला होता. तुम्ही सकाळी साडेपाचला उठून साडेनऊपर्यंत निम्मं घर आवरणाऱ्यांपैकी असाल, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे ज्येष्ठांचे कार्यक्रम नेमके चहाच्या वेळेला का ठेवतात हे मला आजवर उमगलेलं नाही. बहुधा हॉल तेव्हा स्वस्त मिळत असावा.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान केलं ते त्या भाषणाने. थॉमस हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेत तरुणांना आणि ज्येष्ठांना परीक्षेआधी बातमीवजा मजकूर वाचायला दिला. काहींना 'वय वाढलं की स्मरणशक्ती ढासळते' असा, काहींना 'तितकं काही ढासळत नाही, बरंच आपल्या हातात असतं' असा. मग शब्दांची यादी. ढासळण्याचं वाचून आलेल्या ज्येष्ठांना कमी शब्द आठवले. आणि यातली तुमच्या कामाची गोष्ट अशी की, ज्यांना आपली स्मरणशक्ती शाबूत असण्याचं मोल जास्त वाटत होतं, त्यांनाच फटका जास्त बसला. आयुष्यभर पाढे पाठ करून घेतलेल्या शिक्षिकेपेक्षा त्याचं मोल आणखी कुणाला असणार? तुम्हाला हॉलमध्ये आलेली धास्ती हा तुमच्या मेंदूचा दोष नाही. ज्याच्या बळावर आयुष्य काढलं, नेमकं तेच चारचौघांत तपासलं जात होतं.

आणि त्या वक्त्यांनी पडद्यावर आणखी एक आकडा दाखवला असता तर बरं झालं असतं. भारतात साठीवरच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण ७.४ टक्के असावं, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. माणसं मोजली तर संख्या मोठी आहे, सुमारे ८८ लाख, आणि त्याची काळजी सरकारने करायलाच हवी. पण तुमच्या हॉलमध्ये बसलेल्या साठ जणांपैकी पंचावन्नच्या आसपास लोकांना त्यातलं काही नसण्याचीच शक्यता जास्त. त्या सगळ्यांना मात्र तासभर मेंदू आक्रसल्याची चित्रं बघावी लागली आणि लगेच पेपर सोडवावा लागला.

परीक्षेला परीक्षा म्हणण्यानेही फरक पडतो. तमारा रहाल आणि हॅशर यांनी २००१ मध्ये तरुणांना आणि ज्येष्ठांना सामान्य ज्ञानाची काही वाक्यं शिकवली आणि नंतर कोणती खरी, कोणती खोटी ते विचारलं. एका गटाला सूचना देताना 'स्मरणशक्ती' या शब्दावर भर दिला, दुसऱ्या गटाला तसा दिला नाही. भर दिला तिथे ज्येष्ठ मागे पडले. जिथे तो शब्द टाळला तिथे वयाचा फरक दिसलाच नाही. प्रश्न तेच, माणसं त्याच वयाची. तुमच्या शिबिराच्या तर बॅनरवरच मोठ्या अक्षरांत तो शब्द असणार.

हे सगळं एकत्र आलं तर काय होतं, याचा एक सुरेख प्रयोग कॅनडात माँट्रियलला झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शिरीन सिंदी आणि सोनिया ल्युपियन यांच्या गटाने तपासणीची परिस्थितीच दोन प्रकारे मांडली. एक तरुणांना सोयीची आणि एक ज्येष्ठांना सोयीची. जागा ओळखीची की अनोळखी, वेळ कोणती, सूचना कशा शब्दांत, अशा गोष्टी त्यांनी बदलल्या आणि लाळेचे नमुने घेऊन कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. तरुणांना सोयीच्या मांडणीत ज्येष्ठांचं कॉर्टिसोल चढलं आणि शब्द आठवणं घसरलं. ज्येष्ठांना सोयीच्या मांडणीत कॉर्टिसोल खाली आणि आठवण चांगली. तरुणांचं काय झालं? काहीच नाही. त्यांना दोन्हीकडे सारखंच. म्हणून मी म्हणते की हॉल, वेळ, माइक या किरकोळ गोष्टी नाहीत. तरुण माणसाच्या बाबतीत त्या किरकोळ ठरू शकतात, तुमच्या बाबतीत त्या निकालात उतरतात. नातीचे नऊ आणि तुमचे चार यांतलं अंतर सगळं वयाचं धरलंत तर हिशेब चुकेल.

मात्र मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. वयाबरोबर स्मरणशक्ती बदलते हे खरंच आहे. नावं जिभेवर येऊन अडकतात, नवी यादी पाठ व्हायला वेळ लागतो. धास्तीमुळे होणारी घसरण अनेक अभ्यास एकत्र करून मोजली तेव्हा ती सरासरीने लहान ते मध्यम आकाराचीच निघाली. म्हणजे हॉलने तुमचे एक-दोन शब्द खाल्ले असतील, पाच-सहा नव्हे. पण चारांत एक-दोन मिळवा की! तुम्ही थेट तुमच्या वयाच्या सरासरीवर येता.

नातीलाही यातून सुटका नाही. ती फक्त त्या दिवशी सुटली. १९९५ मध्ये क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरनसन यांनी अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एक अवघड पेपर दिला. 'हा तुमची बुद्धी मोजतो' असं सांगितलं तेव्हा कृष्णवर्णीय मागे पडले, 'हा नुसती प्रश्न सोडवण्याची रीत बघतो' म्हटल्यावर अंतर बरंच कमी झालं. ही सगळी तरुणच मुलं होती. आपल्या गटाबद्दल लोक काय बोलतात हे ठाऊक असलं की ते सिद्ध होईल या भीतीने माणूस कोणत्याही वयात अडखळतो. वीस वर्षांच्या मुलीने चावी विसरली तर घरचे तिला धांदरट म्हणतात आणि हसून सोडून देतात. तुम्ही विसरलात तर सगळे एकमेकांकडे बघतात. हॉलमध्ये नातीने विसरावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

आता गुरुवारचा गोल. तुमच्या आधीच्या बाईंनी काय सांगितलं ते आठवत नाही, याने तुम्ही घाबरलात. ही भीती तर आजच सोडून द्या. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये माणसांना असंच रांगेने बसवून पाळीपाळीने एकेक शब्द मोठ्याने वाचायला लावलं. नंतर विचारलं तर प्रत्येकाला स्वतःचा शब्द पक्का आठवत होता, पण आपल्या पाळीच्या अगदी आधी बोलले गेलेले शब्द जवळपास साफ गेलेले. आपली पाळी येत असते, आपण मनात आपलं वाक्य जुळवत असतो, कान उघडे असतात पण आत काही जात नाही. तुमच्या आधीच्या बाईंना विचारा, त्यांनाही त्यांच्या आधीच्यांचं आठवत नसेल. सोसायटीच्या सभेत ओळख करून देतानाही हेच होतं, आणि तिथे तिशीची माणसंसुद्धा असतात. उपाय साधा आहे. पाळीचा क्रम मोडा. चिठ्ठ्या टाका, किंवा आदल्या दिवशीच आपलं वाक्य कागदावर लिहून न्या, म्हणजे तिथे बसून जुळवावं लागणार नाही.

या खेळाबाबत संघाच्या कार्यकर्त्यांना कळावं असं आणखी थोडं आहे, आणि तुमच्या नातीच्या परीक्षेलाही ते उपयोगी पडेल. तीन माणसांनी एकत्र बसून एखादी यादी आठवली तर एकट्यापेक्षा जास्त आठवते, यात नवल नाही. पण त्याच तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून लिहायला सांगा आणि तिघांच्या याद्या एकत्र करून एकच मोठी यादी करा. ती एकत्र बसून केलेल्या यादीपेक्षा मोठी निघते. १९९७ मध्ये हे नीट मांडलं गेलं आणि तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे, तरुणांतही आणि ज्येष्ठांतही. कारण असं दिसतं की प्रत्येकाची आठवायची आपली एक वाट असते. तुम्ही मिरजेची किराणा दुकानं आठवताना स्टेशनपासून सुरुवात कराल, शेजारचे गृहस्थ दर्ग्यापासून. त्यांनी मध्येच तोंड उघडलं की तुमची वाट मोडते, पुढची चार दुकानं राहतात. परीक्षेच्या आदल्या रात्री चार मैत्रिणी गोलात बसून एकमेकींना उत्तरं म्हणून दाखवतात तेव्हाही हेच होतं. आपण खूप अभ्यास केला असं त्यांना वाटतं खरं.

मग गट वाईट का? अजिबात नाही. सुपर्णा राजाराम यांच्यासारख्या भारतीय वंशाच्या संशोधकांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यातून दिसतं की गटात एकमेकांकडून जे पुन्हा कानावर पडतं, ते नंतर एकट्याने आठवताना कामाला येतं. गटात त्या क्षणी तोटा, पुढे फायदा. हेलेना ब्लूमन आणि याकोव स्टर्न यांनी तरुण आणि ज्येष्ठ दोघांना घेऊन हे तपासलं आणि दोघांनाही गटाचा पुढे उपयोग झाला. म्हणून क्रम बदलायचा. आधी प्रत्येकाने पाच मिनिटं गप्प बसून आपापलं लिहायचं, मग एकत्र बोलायचं, आणि घरी गेल्यावर पुन्हा एकदा एकट्याने लिहायचं. नातीला हेच वेळापत्रक द्या. तुमच्या गुरुवारच्या कार्यकर्त्यांनाही.

यजमान म्हणतात म्हणून संघात जाणं बंद करू नका. एक तर लोकांत मिसळणं थांबलं की मन आणि स्मरण दोन्ही मंदावतात. आणि दुसरं, सगळ्याच गोष्टी घोळक्यात बिघडत नाहीत. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलं की दुसऱ्यांच्या नुसत्या उपस्थितीने अंगवळणी पडलेली गोष्ट अधिक चांगली होते आणि नवी, अवघड गोष्ट बिघडते. भजनी मंडळात रामरक्षा म्हणताना तुमचं कुठे अडतं का? एकट्याने म्हणताना एखाद्या श्लोकाला अडखळाल, पण दहा जणींबरोबर सरसर निघते. तीच तुम्ही, तोच मेंदू, माणसं भोवती तिथेही. फक्त रामरक्षा रुळलेली आहे आणि माइकवरचे १५ शब्द नवे होते.

नातीबद्दलही एक सांगते, कारण पत्रावरून तुमचं चांगलं जमतं असं दिसतं. इंग्लंडमध्ये डॉमिनिक अब्राम्स यांच्या गटाने २००६ मध्ये ज्येष्ठांना 'तुमची तरुणांशी तुलना होणार आहे' असं सांगून तपासलं. तरुणांशी ज्यांचे संबंध चांगले होते, त्यांच्यावर या सांगण्याचा परिणाम कमी झाला. तेव्हा तिच्याशी स्पर्धा नको, गप्पा चालू ठेवा.

आता काळजी कधी करायची तेही बघू. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, तरी घरातल्या माणसांना विचारून बघा. तोच प्रश्न तुम्ही तासाभरात तीन-चारदा विचारता का, आणि आधी विचारल्याचं तुमच्या लक्षातच नसतं का? रोजच्या रस्त्यावर, बाजारातून घरी येताना गोंधळ उडतो का? पेन्शनचा, गॅसचा, औषधांचा हिशेब, जो पूर्वी हातचा मळ होता, तो आता जमत नाही का? चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. चष्मा हातात घेऊन हा कशासाठी असतो असा प्रश्न पडणं वेगळं. आणि हे बदल तुमच्यापेक्षा यजमानांच्या किंवा सुनेच्या नजरेत जास्त भरतात का? स्वतःच्या विसरण्याची एवढी तपशीलवार नोंद ठेवून पत्र लिहिणारा माणूस सहसा घाबरलेला असतो. डिमेन्शियाचा पेशंट पुष्कळदा म्हणतो, मला काही झालेलं नाही, हेच उगाच मागे लागलेत.

महिनाभर झोप नाही, हे मात्र मला खटकलं. अपुऱ्या झोपेवर विशीतल्या पोराचंही आठवणं घसरतं. झोप येत नाही म्हणून दुकानातून सर्दी-अॅलर्जीची गुंगी आणणारी गोळी आणून घेत असाल तर आधी ती बंद करा. त्यातली बरीच औषधं या वयात स्मरण आणखी धूसर करतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळी असेल तर मनाने थांबवू नका, त्यांना विचारा. आणि एक रक्ततपासणी सांगते : बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते, तिने विसरायला होतं आणि ती भरून काढता येते. कानही तपासून घ्या. मन उदास राहत असेल, कशात रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. उदासीने येणारा विसराळूपणा हुबेहूब आजारासारखा दिसतो.

फलकाचं काय? खरं सांगू, ते वाचून मला संताप आला. कुणाच्या तब्येतीबद्दलची माहिती, तीही असल्या कच्च्या चाचणीची, नावासकट भिंतीवर लावायचा अधिकार संघाला कुणी दिला? तुम्ही शाळेत नापास मुलांची नावं अशी फळ्यावर लिहिली असतीत का? अध्यक्षांना दोन ओळींचं पत्र द्या, तो कागद काढायला लावा, आणि पुढच्या वर्षी शिबिर घ्यायचंच असेल तर ते सकाळी दहाला, लहान खोलीत, एकेकाला बोलावून घ्या म्हणावं. भाषण चाचणीनंतर. गुण ज्याचे त्याला, बंद पाकिटात. नात स्वयंसेवक आहेच, ती हे लावून धरेल.

मुलाच्या एमआरआयबद्दल. त्याची काळजी समजते, पण तिथून सुरुवात होत नाही. आधी फॅमिली डॉक्टर, वरच्या रक्ततपासण्या, मग गरज वाटली तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे नीट, एकट्याने घेतलेली स्मरणाची चाचणी. स्कॅन लागेल की नाही ते त्यानंतर डॉक्टर ठरवतील. सध्या एमआरआय काढलात तर त्यात वयानुसार होणारे चार बदल दिसतील, रिपोर्टात इंग्रजीत लिहून येतील आणि आणखी महिनाभर झोप जाईल.

चाचणीची वेळ सकाळची मागून घ्या. आदल्या रात्री जागरण नको, पोटात काहीतरी घालून जा. चष्मा, श्रवणयंत्र असेल तर ते, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या बरोबर ठेवा. तुमचं शिक्षण किती आणि कोणत्या भाषेत झालं हे आधी सांगा. निकाल वय आणि शिक्षण बघून लावायचा असतो, आणि चाचणी मराठीतूनच घ्या म्हणायला संकोच करू नका. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तर तसं लगेच सांगा. यजमानांना बरोबर न्या, घरातल्या बदलांबद्दल डॉक्टर त्यांनाही विचारतील. प्रत्यक्ष चाचणी चालू असेपर्यंत मात्र त्यांना बाहेर बसवा.